ताट पुढे गेलं

"एकदाच. पुन्हा नाही," असं म्हणून तो ब्रश टेकवायचा आणि अक्षराचा दंड वरून खाली एका ओढीत उतरवायचा. रंग जरा ओघळला, मात्रा किंचित कलली, तरी पुन्हा हात लावायचा नाही. मी एकदा सुचवलं, "पेंटर, त्या 'क'चं पोट जरा फुगलंय. सारखं करा की." त्यानं ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला, चिंधीला पुसला आणि म्हणाला, "सारखं करायला गेलं की दोनदा चुकतं, गुरुजी."

हे आमच्या शाळेच्या भिंतीपुढं झालं. मी तेव्हा तलासरीच्या एका शाळेत भाषा शिकवत होतो. भिंतीवर लिहिलेलं मुलं वाचतात असा वरच्या साहेबांचा समज असल्यामुळे दर दोन वर्षांनी सुविचार रंगवले जात, आणि ते रंगवायला तो येई. अंगानं काटकुळा, उजव्या हाताच्या नखांत कायमचा लाल रंग. चहा दिला तर एकच कप. दुसरा पुढे केला की तेच वाक्य. आधी मला वाटलं, ही त्याच्या धंद्यातली म्हण असेल. मग कळलं की हे त्याचं धर्मशास्त्र आहे.

तुम्ही महामार्गानं अच्छाडच्या नाक्यावरून कधी गेला असाल, तर त्याचं काम तुमच्या नजरेखालून गेलेलं आहे. तिथं ट्रकांची रांग लागे, ड्रायव्हर खाली उतरून आंघोळी उरकत, आणि तेवढ्यात हा नंबरप्लेट उजळून द्यायचा, मागच्या फळीवर मोर काढून द्यायचा, वाईट नजरेच्या लोकांना यथायोग्य शिव्या लिहून द्यायचा. फक्त देव काढायचा नाही. "देव सोडून कायपण सांगा," म्हणायचा. अर्ध्या ड्रायव्हरांना देवीच हवी असे. ते पलीकडच्या पेंटरकडे जात, आणि हा त्यांना पलीकडच्या पेंटरची टपरी कुठं आहे ते स्वतः दाखवून देई.

त्याचा बाप भगत होता. पाड्यावर कुणाला ताप भरला, कुणाची गाय आटली, की बापाला बोलावणं यायचं, आणि कोंबड्याचे पाय धरायला हा बरोबर. कोंबड्याचं नरडं कुठं दाबायचं हे त्याला अक्षरांच्या आधी कळलं होतं. विशीत त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि सुरी खाली ठेवली. पुढे घराशेजारच्या पत्र्याच्या खोलीत दर रविवारी पंधरा-वीस माणसं जमू लागली आणि तो त्यांना शास्त्र सांगू लागला. त्याला पाळक म्हणून कुणी नेमलं नव्हतं. मंडळींनी मानलं, एवढंच. नेमलेल्या माणसांचा मला शाळेत पुरेसा अनुभव असल्यामुळे ही गोष्ट मला त्याच्या बाजूची वाटली.

मी कुठल्याच देवाच्या हजेरीपटावर नाही. पण वाद घालायला माणूस मिळणं आमच्या भागात कठीण, म्हणून मी संध्याकाळी अच्छाडला जाऊन त्याच्या टपरीपुढं बसू लागलो. तो रंगवायचा आणि बोलायचा.

"करार दोघांत होतो," तो सांगायचा. "खूण कशाला? तर विसरू नये म्हणून. पूर ओसरला, देवानं धनुष्य ढगात ठेवलं. ती खूण. मग अब्राहामाच्या अंगावर खूण. मग दाराच्या चौकटीवर रक्ताची खूण. शेवटी भाकर आणि प्याला."

"आणि खुणेतच देव असतो?"

"बोर्डावर डहाणूचा बाण काढला म्हणून तिथं समुद्र येत नाय. पण बाण पुसला तर माणूस वापीला जाईल."

मला हे आवडलं. मी ते वर्गात वापरलंसुद्धा, अर्थात कुणाचं आहे ते न सांगता.

एकदा त्यानं सांगितलेली गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. जुन्या काळी करार करायचा तर जनावरं मधोमध कापत, अर्धी इकडं, अर्धी तिकडं ठेवत, आणि दोघंही मधून चालत जात. मी शब्द मोडला तर माझंही असंच व्हावं, हा त्याचा अर्थ. अब्राहामानं जनावरं कापून ठेवली, गिधाडं हाकलत बसला, आणि संध्याकाळी त्याला गाढ झोप लागली. पेंटर ट्रकच्या फळीवरून हात न उचलता म्हणाला, "मग त्या तुकड्यांमधून कोण गेलं? धुमसणारी भट्टी आणि मशाल. म्हणजे देव. एकटाच. माणसाला चालायलाच लावलं नाय. मोडलं तर कापला जाणार कोण, ते तिथंच ठरलं, गुरुजी. म्हणून शेवटचं रक्त त्याचंच. एकदाच. पुन्हा नाही. आता माझा बाप जे करायचा ते करायची गरज उरली नाय."

मी खूप वाचलं आहे असा माझा समज होता. ही गोष्ट मीही वाचली होती. पण तिथं झोपलेल्या माणसाकडं माझं लक्ष गेलं नव्हतं.

एका रविवारी मी त्याच्या खोलीत जाऊन बसलो. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. तलासरीच्या बेकरीतली पावाची लादी स्टीलच्या ताटात, आणि द्राक्षाचा रस कुठला मिळायला, म्हणून कोकमाचं सरबत. पेले म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांवर येतात ती प्लास्टिकची मापं. मंडळींना वर्षभर पुरेसा खोकला होत असल्यामुळे ती कधी कमी पडली नाहीत. तो ताट घेऊन एकेकापुढे जायचा, स्वतःच्या हातानं तुकडा मोडायचा आणि पुढे केलेल्या तळव्यावर ठेवायचा.

त्या दिवशी धडा वल्हांडणाचा होता. निम्म्या लोकांना वाचता येत नसे, म्हणून त्यानं प्लायवुडवर चित्र काढून आणलं होतं. एक दार. चौकटीच्या दोन्ही बाजूंना आणि वर लाल पट्टा. मृत्यूचा दूत रात्री गावावरून गेला, आणि ज्या दारावर कोकराचं रक्त दिसलं ते घर ओलांडून पुढे गेला, असं तो सांगत होता. मिसर देशातलं दार त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्यानं स्वतःच्या घराचं काढलं होतं. तीच कुडाची भिंत, तीच कडी, तोच डाव्या बाजूला चिरलेला उंबरा. त्याची बायको पहिल्या रांगेत बसली होती. तिला सगळे रुतीची आई म्हणत. तिला वाचता येत नव्हतं. धडा संपून लोक उठले तरी ती त्या चित्राकडं बघत बसली होती. मला वाटलं, नवऱ्याच्या हाताचं कौतुक करते आहे.

पुढच्या पावसाळ्यानंतर रुतीला ताप आला. त्यांची एकच मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची. पेंटर दोन दिवसांच्या कामावर उंबरगावला गेलेला, फोन लागेना. पोरगी बडबडू लागली तेव्हा शेजाऱ्यांनी रिक्षा बोलावली. रिक्षा यायला वेळ होता. तेवढ्या वेळात रुतीच्या आईनं स्वतःच्या खुराड्यातला कोंबडा काढला, कापला, रक्त वाटीत धरलं, आणि नवऱ्याचा दोन इंची ब्रश घेऊन दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी आणि वर पट्टा मारला. मग हात धुतले आणि मुलीला इस्पितळात नेलं.

रुती वाचली. सलाईनच्या सात-आठ बाटल्या आणि चांगली इंजेक्शनं लागली. पण बाटल्यांना कुणी साक्षीला बोलावत नाही.

पेंटर परत आला तो आधी इस्पितळात, मग घरी. पुढचं त्यानं मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना चक्क हसत होता. "गुरुजी, ब्रश गेला. रक्त वाळलं की केस कडक होतात, मग कायपण करा. पण एक सांगतो, कडा सरळ मारल्या होत्या तिनं. मला वाटलं नव्हतं."

त्यानं पत्रीनं चौकट खरवडली, पॉलिशपेपर मारला आणि तिला निळ्या एनॅमलचे दोन हात दिले. दोन हात दिलेलं त्याचं हे एकच काम मला माहीत आहे. बायकोला त्यानं समजावलं. ते रक्त म्हणजे पुढं येणाऱ्याची सावली होती. जो यायचा तो येऊन गेला. आता सावलीला धरून बसणं म्हणजे आलेल्या माणसाला अंगणात उभं ठेवणं.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण दार तर आपलंच होतं."

हेही त्यानंच मला सांगितलं.

गोष्ट इथंच मिटली असती. पण पाड्यानं आपला हिशोब मांडला होता. रुती मरायला टेकली होती, दारावर रक्त लागलं, रुती उठून बसली. महिन्याभरात मंडळीतल्या चार घरांच्या चौकटी लाल झाल्या. मंडळीबाहेरचे लोक खूश झाले. हे तर आमचंच, फक्त कोंबडा अंगणाऐवजी दारात कापतात, असं ते म्हणू लागले. पेंटरचा म्हातारा बाप, जो मुलाशी वीस वर्षं बोलत नव्हता, त्यानं निरोप धाडला म्हणे, की रंग कमी पडला तर सांग.

आणि मी माझी भर घातली. अच्छाडच्या चहाच्या टपरीवर पाच-सात ड्रायव्हर बसले होते, पलीकडचा पेंटर होता. हा आपला एक कप पीत होता. मी म्हणालो, "काय पेंटर, बाहेर नवा करार आणि घरात जुना? दुकान एक, माल दोन?"

सगळे हसले. पलीकडचा पेंटर सगळ्यात जास्त हसला. "दोन मालवाला" हे नाव नाक्यावर कितीतरी महिने टिकलं. मला त्या संध्याकाळी स्वतःचं वाक्य इतकं आवडलं होतं, की घरी जाताना मी ते पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. त्यानं कप विसळून ठेवला आणि कामाला लागला.

त्यानंतर बहुतेक तिसऱ्या आठवड्यात, त्या चार घरांतल्या एका घरी तान्हं पोर आजारी पडलं. जुलाब. इस्पितळ रिक्षानं अर्ध्या तासावर. पण आईबाप दोन दिवस थांबले, कारण दारावर खूण ताजी होती. तिसऱ्या दिवशी नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या पोराला पेंटरनंच पुरलं. पेटी केली, तिच्यावर नाव रंगवलं. चार अक्षरं. एका हातात.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. मी भेटायला म्हणून गेलो होतो, मागे भिंतीला टेकून उभा राहिलो. ज्या आईचं पोर गेलं ती समोर बसलेली. पेंटर तिच्याकडं बघून बोलत नव्हता, पण आवाज तिच्यापर्यंत पोचेल असा ठेवला होता. दोन ताटांवर जेवता येत नाही. ज्यानं पुन्हा रक्त सांडलं त्यानं पहिलं रक्त पुरेसं नव्हतं असं म्हटलं. चारही घरांनी चूक कबूल केली आहे, त्यांना आजपासून ताट आहे. ज्या घरातून हे सुरू झालं त्या घराला नाही.

मग तो ताट घेऊन निघाला. पहिल्या रांगेत रुतीच्या आईनं तळवा पुढे केला होता. तिला वाटलं असावं, घरात ऐकून घेतलं तीच आपली कबुली. तो तिच्यापुढे आला. थांबला नाही. ताट पुढे गेलं.

तळवा तसाच राहिला. शेजारची बाई खाऊन झाली, दुसरी रांग झाली, पेले वाटून झाले, तेव्हा तिनं हात मिटून मांडीवर ठेवला. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच शिक्षा पाहिल्या आहेत, काही स्वतः दिल्या आहेत. वर्गाबाहेर उभं केलेलं पोर निदान खिडकीतून मैदान तरी बघतं.

वाटलं होतं, महिना-दोन महिने चालेल. अकरा वर्षं चाललं.

अकरा वर्षं ती पहिल्या रांगेत बसली. महिन्यातून एकदा तळवा पुढे केला. अकरा वर्षं ताट तिच्यापुढून पुढे गेलं. मधल्या काळात रुतीचं शिक्षण झालं, चिखल्याला लग्न झालं, दोन मुलं झाली. ज्या बाईचं पोर गेलं होतं तिला पुढे आणखी तीन झाली आणि ती रुतीच्या आईच्या शेजारीच बसू लागली. एकदा तिनं स्वतःचा तुकडा मोडून अर्धा गुपचूप रुतीच्या आईच्या हातावर ठेवला. रुतीच्या आईनं तो परत केला.

घरात दोघांचं नीट होतं, हे सांगितलं पाहिजे. तो तिच्यासाठी बाजारातून चपला आणायचा, तिचे पाय दुखले तर पाणी भरायचा. तिच्या हातचं जेवायचा. फक्त तिला त्याच्या हातचं मिळत नव्हतं. पाड्यावरच्या बायका तिला म्हणायच्या, अगं, ऊठ आणि रुतीकडं जा. एक दिवस अंगणात मी बसलेलो असताना ती त्याला म्हणाली, "काडी मोडा, नायतर भाकर द्या. दोन्हीतलं कायतरी एक करा."

"काडी कशी मोडू? देव मोडत नाय," तो म्हणाला.

"मग द्या."

तो उठून डबे धुवायला लागला.

मी त्याच्याशी भांडलो. त्याचीच हत्यारं घेऊन भांडलो. म्हटलं, "भाकर म्हणजे बाण, असं तुम्हीच सांगता. बाण दाखवायला कसला कंजूषपणा?"

"तिनं माझ्या दारावर दुसरा बाण काढला, गुरुजी. लोक त्या वाटेनं गेले."

"चित्र तुम्ही काढलं होतं."

"हो. त्याचं माझं मी बघेन."

"आणि तो झोपलेला माणूस? तुकड्यांमधून देव एकटा चालला म्हणता. तिला कशाला चालायला लावताय?"

या वाक्यावर मी बरेच दिवस काम केलं होतं. त्यानं ब्रश थांबवला. मला वाटलं, लागलं. तो म्हणाला, "त्या पोराला कुणी चालवलं?" आणि मग, "एकदाच ठरवलं, गुरुजी. पुन्हा नाय." त्याच्या तोंडचं हे वाक्य त्या दिवशी मला पहिल्यांदा नकोसं झालं. अक्षराला शोभतं ते माणसाला शोभेलच असं नाही, पण त्याच्याजवळ ब्रश एकच होता.

मग फ्लेक्स आला आणि त्याचा धंदा बसला. त्यापाठोपाठ हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, वयानं असेल, रंगातल्या विषानंही असेल. आधी त्यानं मनगट टेकवायला काठी घेतली. मग काठीही हलू लागली. खोलीत ताट मात्र तोच फिरवायचा. दुसरा हात खाली धरून फिरवायचा, आणि पाव ताटात किणकिण वाजत नाही म्हणून बरं, नाहीतर तो येतोय हे बाहेरच्या रस्त्यावर कळलं असतं.

याच सुमारास गुजरातच्या बाजूनं एक मोठे पाहुणे आले. मोठ्या मंडळीचे, पांढऱ्या गाडीचे. त्यांच्या स्वागताच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो आमच्या पत्र्याच्या दारापेक्षा मोठा होता, त्यामुळे पाहुणे आधी आत गेले आणि फोटो बाहेर राहिला. बरोबर कीबोर्ड, दोन स्पीकर आणि खास ग्लासांचा संच. औषधाची मापं त्या दिवशी कपाटात गेली. पाहुणे कनवाळू होते. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं असावं. ते ताट घेऊन थेट रुतीच्या आईपुढे आले, माइक तोंडाशी धरला आणि म्हणाले, प्रभूच्या मेजावर आज कुणीही उपाशी राहणार नाही. कीबोर्डवाल्यानं हळूच सूर धरला.

रुतीच्या आईचा तळवा नेहमीसारखा पुढे नव्हता. ती म्हणाली, "तुमच्या हातचं नको. ह्यांच्या हातचं पाहिजे."

माइक चालू होता, म्हणून हे स्पीकरवरूनही ऐकू आलं. पेंटर कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. एक मान हलवली असती तर पुरलं असतं. हात हलत होते, मान हलली नाही. पाहुण्यांनी तिच्यासाठी लांबलचक प्रार्थना केली, तिच्या हट्टाबद्दल क्षमा मागितली आणि जेवून गेले.

गेल्या थंडीत तो अंथरुणाला खिळला. गिळणं अवघड झालं. रुतीची आई दिवसातून चार वेळा त्याला पेज भरवायची. डोकं मांडीवर घ्यायची, चमचा ओठाला लावायची, घशावरून बोट फिरवायची, मग दुसरा चमचा. तिचा हात स्थिर होता. मी पाहत बसायचो. रुती चिखल्याहून येऊन राहिली होती.

एक दिवस सकाळी त्यानं खुणेनं ताट मागितलं. रुतीला आधी कळेना. मग तिनं ते स्टीलचं ताट आणलं, शेजारून पाव मागून आणला. त्यानं उशीला टेकून बसवून घेतलं. पाव मोडायला त्याला किती वेळ लागला ते मी सांगत नाही. शेवटी एक वाकडा तुकडा हातात आला आणि तो हात, सबंध हात खांद्यापासून हलत, त्यानं बायकोपुढं केला. तोंडानं जे म्हणायचं असतं ते म्हणण्याचा प्रयत्न केला. शब्द आले नाहीत, पण ओठ कोणते शब्द म्हणत होते ते खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

रुती रडायला लागली. "आई, घे ना. बाबा देतायत. घे."

रुतीची आई त्या तुकड्याकडं बघत राहिली. बारा वर्षांपूर्वी ती त्या प्लायवुडच्या चित्राकडं बघत होती, तशी नाही. तेव्हा तिला ते समजून घ्यायचं होतं. मग तिनं त्याच्या बोटांतून तुकडा काढून घेतला, शेजारच्या पेजेत बुडवून मऊ केला, आणि त्याच्या तोंडात घातला. घशावरून बोट फिरवलं. त्याचे डोळे तिच्यावर होते. तो नको म्हणत होता की काय, मला कळलं नाही. माणूस बोलू शकत नाही तेव्हा त्याचा नकार आणि त्याची तहान सारखीच दिसते. शेवटी त्यानं गिळलं.

"झालं," ती म्हणाली, आणि पदरानं त्याची हनुवटी पुसली.

दोन दिवसांनी तो गेला. मातीला गर्दी होती. नाक्यावरचे ड्रायव्हरसुद्धा दोन-चार होते, आणि पलीकडचा पेंटर, जो आता फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे. खोलीत बोलताना लोकांनी ती शेवटची सकाळ फार सुंदर करून सांगितली. बायकोनं आपला घास नवऱ्याला दिला, यापेक्षा मोठी क्षमा कोणती, वगैरे. रुतीनंही तसंच धरलं. मीही तसंच धरलं असतं. मला ते जवळजवळ पटलं होतं.

पंधरा दिवसांनी मी गेलो. ती ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि मग म्हणालो, "रुतीची आई, एक सांगायचं राहिलंय. तेव्हा अच्छाडला, सगळ्यांसमोर, मी त्यांना फार लागेल असं बोललो होतो."

"दोन मालवाला," ती म्हणाली. "माहीत हाय."

"मला वाटतं, त्यामुळेच त्यांनी तुमच्या बाबतीत..."

"तुमच्यामुळं?" तिला हसू आलं. तिला हसताना मी फारसं पाहिलेलं नाही. "गुरुजी, ते देवाचं ऐकताना चार सवाल करायचे. तुमचं कुठं ऐकतात."

अकरा वर्षं मी जे ओझं वाहिलं होतं ते तिनं असं सुपातून पाखडून टाकलं, आणि मला मोकळं वाटण्याऐवजी अपमान झाल्यासारखं वाटलं. म्हणून असेल, मी पुढचं विचारलं. विचारायला नको होतं.

"मग त्या दिवशी तुम्ही घेतलं का नाही? त्यांच्या हातचं पाहिजे म्हणून एवढी वर्षं बसलात. त्यांनी दिलं होतं."

तिनं एक खडा वेचला आणि अंगणात फेकला.

"घेतलं असतं तर ते सुटले असते," ती म्हणाली, आणि सुपातला पुढचा खडा शोधू लागली.